कोशांतील जवस

पस्तीस वर्षें मी वर्गांत ‘क्षौम म्हणजे रेशमी वस्त्र’ असाच अर्थ सांगत आलों. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत शकुंतलेच्या पाठवणीसाठीं एक वृक्ष जें वस्त्र देतो, तें हेंच. गेल्या पौषांत नातसुनेनें विचारलें, “आजोबा, हा शब्द आला कशावरून?” कोश उघडला, तों मूळ शब्द ‘क्षुमा’, म्हणजे जवस! खिडकीबाहेर आमच्या बांधींत तोच निळा फुलला होता.

गोंदियाकडे धानाच्या कापणीपूर्वीं, जमिनींत ओल आहे तोंच, उभ्या पिकांत जवस फेंकतात. पुढें बीं घाण्याला जातें आणि काड्या जळतात. फाल्गुनांत शेत करणाऱ्या गड्याजवळ मीं एक पेंढी मागितली. “चुलीला हवी काय, गुरुजी?” तो म्हणाला. साल सुटेपर्यंत ती बोडीच्या पाण्यांत कुजविली, मग वाळवून बडविली. तंतु निघाला तो आखूड, तुटका. कारण हा वाण तेलाचा, ठेंगणा व फांद्यांचा. सुताचा जवस दाट पेरतात. तो उंच, सरळ वाढतो आणि मुळासकट उपटतात. आपल्याकडील लिननच्या गिरण्या त्याचा तंतु मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून आणवितात.

तरी वीतभर सूत वळतां आलें. नातसुनेनें तें कोशांत त्याच पानावर ठेविलें. माझे दोन विद्यार्थी आज संस्कृत शिकवितात. त्यांस पत्रें लिहून माझी चूक कळविली आहे. पुढच्या वर्गास तरी बरोबर अर्थ मिळावा.