पार्वतीच्या काठाने (भाग तिसरा) : मणिकर्णची वही

मंगळवार, मणिकर्ण

भुंतरला पार्वती बियासला मिळते. तिथून मणिकर्ण पस्तीसेक किलोमीटर. रस्ता नदीच्या अंगाने वळणं घेत चढतो, म्हणून बसला दोन तास सहज लागतात. मागच्या भागात कुल्लूच्या दसऱ्याबद्दल लिहिलं होतं. आज या खोऱ्यात आले ती एका माणसाला भेटायला. मणिकर्णला त्यांचं गेस्ट हाउस आहे आणि खोऱ्यात नाहीशा झालेल्या माणसांचा ते वर्षानुवर्षं शोध घेत आहेत, असं कुल्लूत एका शिक्षकांनी सांगितलं होतं.

बस कसोलला थांबली. यूथ हॉस्टेलच्या सर पास ट्रेकसाठी तरुणपणी इथे आले होते, तेव्हाचा देवदारांमधला तळ अजून आठवतो. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅफे आणि हिब्रू अक्षरांतल्या पाट्या आहेत. औषधाच्या दुकानाच्या बंद शटरवर एक कागद चिकटवलेला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘लापता’. पावसाने फोटोतला चेहरा पुसट केला होता, खालचा फोन नंबर मात्र वाचता येत होता. त्याच्या आड दुसरा, त्याहून जुना कागद अर्धा फाटून लोंबत होता.

गेस्ट हाउस नदीला लागून आहे. मालक साठीच्या पुढचे, डोक्यावर कुल्लवी टोपी. मी त्यांना भाईजी म्हणू लागले, ते मला दीदी. आधार कार्ड घेतल्यावर त्यांनी मला बूट वर करायला सांगितलं आणि मोबाईलवर तळव्याचा फोटो काढला. मग जॅकेटचा रंग विचारला, जवळ औषधं कोणती ते विचारलं, आणि घरचा असा नंबर मागितला जो रात्रीही कुणी उचलेल. हे सगळं त्यांनी एका लांबट वहीत पट्टीने आखलेल्या रकान्यांमध्ये लिहून घेतलं. शेवटचे दोन रकाने होते : ‘कुठे चाललात’ आणि ‘कधी परत’.

“पोलिसांचं रजिस्टर वेगळं,” ते म्हणाले. “ही वही माझी.”

बुधवार, मणिकर्ण

सकाळी गरम कुंडांपाशी गेले. फडक्यात बांधलेले तांदूळ लोक उकळत्या झऱ्यात सोडतात आणि शिजला भात बाहेर काढतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भातही या पाण्यावर शिजतो. काही हातांवर पार्वती वाहते, बर्फाचं पाणी घेऊन. पुलावर उभं राहिलं तर एका अंगाला वाफेची ऊब लागते आणि खालून गारवा येतो.

दुपारी भाईजींनी जुन्या वह्या काढल्या. वर्तमानपत्रांची कात्रणंही होती, पिवळी पडलेली. १९९६च्या ऑगस्टमधलं एक इयन मॉगफोर्डचं, ब्रिस्टलमध्ये शिकणाऱ्या इंग्रज मुलाचं. तो या खोऱ्यात आला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. २०१५मध्ये पोलंडचा एक तरुण असाच नाहीसा झाला. त्याचे वडील स्वतः येऊन गावोगाव विचारत फिरले. २०१६मध्ये अमेरिकन जस्टिन अलेक्झांडर शेटलर एका साधूबरोबर मंतलाई तलावाकडे गेला आणि परतला नाही. साधूला अटक झाली आणि पोलीस कोठडीतच त्याचा मृत्यू झाला. तो कदाचित काही सांगू शकला असता. शेटलरवर हार्ली रस्टॅड यांचं ‘लॉस्ट इन द व्हॅली ऑफ डेथ’ हे पुस्तक २०२२मध्ये आलं. भाईजींकडे त्याची प्रत आहे. नातीने वाचून हिंदीत सांगितलं, म्हणाले.

नव्वदच्या दशकापासून इथे दोन डझनांच्या आसपास परदेशी माणसं नाहीशी झाल्याचा आकडा बातम्यांमध्ये फिरतो. त्यावरून या खोऱ्याला भारताचा बर्म्युडा ट्रँगल म्हणायची पद्धत पडली आहे. भाईजींना या नावाचा मनापासून राग आहे आणि मला तो पटतो. गूढ म्हटलं की शोध संपतो. चरसवाले, साधू, मलाणा गाव, तिथल्या जमलू देवतेचा कोप, अशी नावं घ्यायची आणि पुढे जायचं. शिवाय त्या आकड्यात दिल्ली, पंजाब, बंगाल, महाराष्ट्रातून आलेली आपली मुलं नाहीतच. त्यांच्यावर पुस्तक निघत नाही. खांबावर कागद लागतो आणि पुढच्या पावसाळ्यात गळून पडतो.

गुन्हे झालेच नाहीत असं भाईजी म्हणत नाहीत. २०००च्या उन्हाळ्यात या भागात तंबूंवर हल्ले झाले, परदेशी प्रवाशांचे खून झाले. इथल्या चरसचा धंदा जगजाहीर आहे. पण त्यांची पद्धत अशी, की माणूस नाहीसा झाला त्या तारखेपासून सुरुवात करायची. त्या दिवशी पाऊस होता का? नदी गढूळ होती की निळी? वरच्या कुरणांत गद्दी मेंढपाळ होते की उतरून गेले होते? बर्शैनीहून शेवटची बस किती वाजता सुटली? त्याच्याजवळ पैसे किती होते, व्हिसा कधी संपत होता? कारण काही जणांनी स्वतःहून नाव टाकलं आणि निघून गेले, हेही त्यांनी पाहिलं आहे. एवढं विचारून झालं की मगच संशय कुणावर घ्यायचा ते ठरवायचं.

वहीच्या कडेला रोज नदीचा रंग लिहिलेला असतो. ‘मटमैली.’ ‘साफ.’ ‘बहुत चढ़ी हुई.’ ६ जुलै २०२२च्या नोंदीशी मी थांबले. त्या पहाटे जवळच्या चोज गावच्या नाल्याला अचानक पूर आला, कॅम्पिंगची जागा वाहून गेली, माणसं बेपत्ता झाली. भाईजींनी त्या दिवशी फक्त वेळ लिहिली होती आणि आपल्या पाहुण्यांच्या नावांपुढे एकेक खूण केली होती. सगळे खोल्यांमध्ये आहेत, अशी ती खूण.

गुरुवार, बर्शैनी ते खीरगंगा

भाईजी सोबत आले. बर्शैनीपर्यंत बस, पुढे पायवाट. इथे पार्वती जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे, त्यामुळे रस्ता इतका वर आला. पूर्वी जिथे पोचायला दिवस लागायचा, तिथे आता दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघालेली मुलं दुपारी चप्पल घालून उभी असतात.

खीरगंगेला, वरच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे, जायच्या मुख्य वाटा दोन. एक नकथान गावावरून आणि रुद्रनागच्या धबधब्यापाशी नदी ओलांडून. दुसरी पलीकडच्या अंगाने, कलगाहून जंगलातून. आम्ही जंगलाची धरली. देवदार आणि इतर सूचिपर्णी झाडं इतकी दाट, की दुपारीही वाट सावलीत असते. गुरं हिंडून झालेल्या वाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात, आणि त्यांतल्या काही थेट नदीवरच्या कड्याशी जाऊन संपतात. अशा एका वाटेवर भाईजी मला मुद्दाम घेऊन गेले. शंभरेक पावलांवर जमीन संपली. सुयांसारख्या पानांचा थर ओला होता, त्यावर बूट ठरत नव्हता. झाडाला धरून मी खाली पाहिलं : दोन घरांएवढ्या शिळा आणि त्यांच्या मधून पांढरं पाणी.

“इथून जो गेला तो त्या दगडांच्या खाली,” भाईजी म्हणाले. “भुंतरला शोधून काय मिळणार?”

मंतलाई चार हजार मीटरवर, भुंतर अकराशेच्या आसपास. मधल्या जेमतेम नव्वद-शंभर किलोमीटरमध्ये नदी तीन हजार मीटर खाली येते. एवढ्या उताराचं पाणी माणसाला तरंगत ठेवत नाही. ते त्याला शिळांच्या पोटात नेऊन अडकवतं, आणि पाणी बर्फाचं असल्यामुळे शरीर वर यायलाही फार वेळ लागतो. तोवर पूर आला तर दगडांची जागाच बदलते. ‘मृतदेहही सापडला नाही’ हे वाक्य प्रत्येक बातमीत गूढ वाढवायला वापरलेलं असतं. या कड्यावर उभं राहिल्यावर त्यात आश्चर्य वाटेनासं झालं, फक्त पोटात कालवत राहिलं.

वाटेवरच्या एका ढाब्यावर चहाला बसलो. ढाबेवाल्याला भाईजींनी कुणाचं नाव विचारलं नाही. “काल वर गेलेले उतरले का? लाल बॅगवाली मुलगी?” उतरली होती, नकथानच्या बाजूने. भाईजींनी खिशातल्या चिठ्ठीवर टीप केली. या ढाब्यावर, बर्शैनीच्या जीपवाल्यांकडे, खीरगंगेच्या तंबूवाल्यांकडे त्यांचे असे डोळे आहेत. पैसे कुणी घेत नाही. पण कुणी कोणत्या वाटेने गेला एवढं कळलं, तरी शोधायचं जंगल निम्मं होतं.

शुक्रवार, खीरगंगा

पहाटे कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले. वर टुंडा भुज, ठाकूर कुआं, पांडुपुल आणि मग मंतलाई. त्यापलीकडे पिन पार्वतीची खिंड, स्पितीत उतरणारी. इथून पुढे दुकान नाही, फोन नाही. शेटलर याच बाजूने गेला. एक गद्दी कळप खाली आणत होता. भाईजी त्याच्याशी बराच वेळ बोलले. त्याने काठीने मातीत ओढा काढून दाखवला, तो यंदा कुठे सरकला आहे ते. भाईजींनी तो आकार वहीत उतरवून घेतला. दुपारी उतरलो.

शनिवार, मणिकर्ण

आज त्यांनी माळ्यावरची खोली उघडली. आत एक निळी सॅक आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक मुलगा आला, मैदानी मुलखातला. सॅक खोलीत ठेवून, छोटी पिशवी घेऊन ‘कल आता हूँ’ म्हणून गेला. तेव्हा ही वही नव्हती. गर्दीचे दिवस होते. चौथ्या दिवशी खोली झाडायला उघडली तेव्हा लक्षात आलं की बिछाना तसाच आहे.

सॅकमध्ये एक स्वेटर, नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक, प्लॅस्टिकच्या डब्यात घरचा लाडू. लाडू भाईजींनी नदीत सोडला. बाकी सगळं पोलिसांनी पंचनामा करून वडिलांना दिलं. वडिलांनी सॅक परत इथेच ठेवायला सांगितली. मुलगा आला तर इथेच येईल, म्हणाले.

त्याचा शोध भाईजी अजून करतात. दोन्ही वाटा त्यांनी त्याच महिन्यात, तशाच पावसात चालून पाहिल्या. ढाबेवाल्यांना फोटो दाखवले. एकाला वाटतं तो दिसला, दुसऱ्याला वाटतं तो दुसराच कुणी. कोणत्या वाटेने गेला हेच ठरत नाही, आणि गाडी तिथेच अडते.

वडिलांची दुसरी अडचण कागदांची. मुलाच्या नावावर बँकेत थोडे पैसे आणि विमा आहे. सात वर्षं ज्याची खबर, ती असायला हवी अशा माणसांनाही मिळालेली नाही, तो हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते, असा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण सात वर्षं मोजायची कुठून? शेवटचा दिसला तो दिवस कोणता? त्याला उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा लॉजवालाच असतो. भाईजी त्या वडिलांसाठी न्यायालयात साक्ष द्यायला तयार आहेत. ज्या मुलाला त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, त्याच्या शेवटच्या सकाळचे ते एकमेव साक्षीदार आहेत. हे ओझं त्यांनी मागून घेतलेलं नाही, पण खालीही ठेवलेलं नाही. अशा माणसाला मी शोधक म्हणेन, पोलिसाचा बिल्ला नसला तरी.

रविवार, मणिकर्ण

निघायच्या आधी सिड्डू आणि तूप झालं. भाईजींनी वही उघडून माझ्या नावापुढे खूण केली.

आपल्याकडे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी रात्री-अपरात्री दोर घेऊन कड्यात उतरतात. स्थानिक माणूस काय करू शकतो हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला नको. पार्वतीच्या खोऱ्यातही वाटाडे आणि गावकरी शोधाला धावतात. अडतं ते आधीच : हरवला हेच उशिरा कळतं. घरच्यांना वाटतं रेंज नसेल. लॉजवाल्याला वाटतं मित्रांकडे राहिला असेल. असे दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात एक पाऊस पडून गेला तर बुटाचा ठसाही उरत नाही. माझ्या मते इथल्या निम्म्या गूढांचं मूळ या दोन दिवसांत आहे. प्रत्येक होमस्टेने अशी एक वही ठेवायची म्हटली तर खर्च एका वहीचा आणि पेनाचा आहे. हिमाचलच्या पर्यटन खात्याने ती सक्तीची करावी.

आपल्याकडून दर मोसमात शेकडो मुलंमुली सर पासला, खीरगंगेला येतात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. खीरगंगेच्या पुढे एकट्याने जाऊ नका. निघताना कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे मुक्कामाच्या मालकाला लिहून द्या, त्याने विचारलं नाही तरी द्या. बेत बदलला तर त्याला आणि घरी कळवा. आणि ठरलेल्या वेळी कुणी परतलं नाही, तर चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. त्याच संध्याकाळी पोलिसांत जा.