राखलेला कोंब

आषाढाचा पाऊस जमिनीत मुरला की गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात वास्ते येतात. तपकिरी सालपटांत गच्च गुंडाळलेले, टोपलीत शिंगांसारखे रचलेले बांबूचे कोवळे कोंब. त्यांची भाजी मी खाल्ली होती. कोंब जमिनीतून वर येताना मात्र पहिल्यांदा दाखवला एका आजीनं, तिच्या परसातल्या मानवेल बांबूच्या बेटाशी.

बेटाच्या कडेला माती उकलली होती. आजीनं ती बोटांनी अलगद सारली, तर आत फिकट पिवळं टोक. "हाच गोड," ती म्हणाली. शेजारचा कोंब हातभर वर आला होता. ऊन लागून त्याचं टोक हिरवं झालं होतं. ऊन मिळालं की कोंबात कडवटपणा चढतो. म्हणून काही जण कोंबावर मातीची भर घालतात, त्याचा अंधार लांबवतात.

तिनं एक कोंब कापून उभा चिरला. सालपटांची बारीक कुसळं बोटांत रुतली. आतला गाभा हस्तिदंतासारखा. त्यात पेरावर पेर दाटीनं रचलेलं, मिटलेल्या छत्रीसारखं. पुढे उंच होणाऱ्या बांबूची सगळी पेरं इथं आधीच होती. बांबू हे गवतच. कोंब जेवढा जाड उगवतो तेवढाच जाड राहतो. दोन-चार महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, मग दोन-तीन वर्षं नुसता निबर होत जातो.

कापलेला कोंबही थांबत नाही. कापाच्या बाजूनं तो चिवट होऊ लागतो, म्हणून आजीची चूल त्याच दिवशी पेटते. काप करायचे, पाण्यात भरपूर उकळायचे, ते पाणी फेकायचं. कच्च्या कोंबातला कडूपणा साधा नसतो. त्यातून सायनाइडचं जहर सुटतं. ते उकळण्यानं जातं, आणि मागे उरते ती मक्याच्या कोवळ्या कणसाची आठवण देणारी चव.

उमद्या कोंबाचं रहस्य मला मातीत आणि पावसात आहे असं वाटायचं. ते आहेच. ओलसर, भुसभुशीत जमिनीत कोंब भरदार येतो, खडकाळ उतारावर बारीक. पण कोंबाला स्वतःचं पान नसतं. त्याची सगळी शिदोरी जमिनीखालच्या कंदातून येते, आदल्या वर्षांच्या बांबूंनी उन्हात कमावलेली. कोवळे बांबू ओरबाडले की पुढचे कोंब काटक्यांसारखे निघतात. जुने काढलेच नाहीत तर बेट कोंदतं, कोंब वाकडे होतात. संस्कृतात बांबूला वंश का म्हणतात ते मला तिथं कळलं.

एका जाडजूड कोंबाभोवती माझी मूठ कशीबशी मिटली, तशी आजी म्हणाली, "त्याले राहू दे बापू. पुढच्या सालचे वास्ते त्याच्याच जिवावर."

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा गेलो. त्या जागी डोक्यावरून उंच गेलेला हिरवा बांबू सळसळत होता. बुडाशी हात फिरवला. मूठ कशीबशी मिटली, गेल्या साली मिटली होती तशीच. आणि त्याच्या पायाशी माती दोन ठिकाणी उकलली होती.