दादा म्हणाला म्हणून

मागच्या महिन्यात शनिवार-रविवार गाठून घरी, आखाडा बाळापूरला जाऊन आलो. नांदेडहून हिंगोलीची एस्टी पकडली की तासाभरात आमचं गाव. एरवी तीन वर्षांचा भाचा दारातच बिलगतो. या वेळी जागचा हलला नाही. कोपराची खाच कराकरा खाजवत बसला होता, रक्त येईपर्यंत.

त्याला एक्झिमा आहे. आईच्या भाषेत इसब. जूनमध्ये मी नेटवर 'आतडं आणि त्वचा' असं काहीबाही वाचलं आणि पुण्याहून प्रोबायोटिकच्या पुड्या पाठवल्या. बहिणीनं पुड्या सुरू केल्या आणि डॉक्टरांचं मलम बंद!

"मलम काहून बंद केलंस?"

"दादा, तूच तर म्हणलास, आतूनच बरं होतंय म्हणून."

म्हणालो होतो खरा.

रात्री बाजेवर पडून, आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. हे सगळं गाजलं ते 2001 सालच्या फिनलंडमधल्या प्रयोगामुळे. गरोदर बायकांना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी दिलं; दोन वर्षांनी एक्झिमा 46 ऐवजी 23 टक्के मुलांत. पण तो प्रयोग होता एक्झिमा होऊ नये म्हणून! झालेला बरा करण्याचा नव्हेच. शिवाय 2008 मध्ये जर्मनीत तोच जिवाणू वापरून पाहिला, तर काही फरक नाही. उपचारांबद्दल म्हणाल तर 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 39 चाचण्या, सुमारे 2600 रुग्ण. निष्कर्ष : खाज आणि झोपमोडीत बहुधा फारसा फरक पडत नाही.

रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहिणाऱ्या ज्युनियरला मी काय काय बोलतो, ते आठवलं.

सोमवारी सुट्टी टाकून भाच्याला नांदेडला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. एक्झिमात कातडीची भिंतच गळकी असते, असं त्यांनी समजावलं. ओलावा बाहेर जातो, त्रासदायक गोष्टी आत शिरतात. म्हणून आंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. आणि मलम सांगितलं तितके दिवस, सांगितलं तितकंच. कंटाळवाणं काम, पण रोजचं.

काल बहिणीचा फोन आला. पोरगं रात्रभर झोपतंय. मग जरा भीत भीतच विचारलं तिनं, "दादा, ताक देऊ का नको?"

"दे की," म्हटलं. "ताक म्हणून दे."