अनागत

मिरजेला सरांकडे तबला शिकत होतो, तेव्हा सम म्हणजे सरांच्या मांडीवरची थाप. सोळा मात्रांचं आवर्तन फिरून आलं की ती पडायचीच. आमचा ‘धा’ तिच्याशी जुळला नाही, तर पुढची थाप आमच्या मांडीवर.

मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याच्या बॅगेतून साबण, चॉकलेटं आणि एक कॅसेट निघाली. क्यूबातल्या ‘ओर्केस्ता अरागोन’ची. “बंदरावर सगळे यावर नाचत होते, म्हणून घेतली,” एवढंच मामाने सांगितलं. मला क्यूबाचं एकच वाद्य ठाऊक होतं, बोंगो. तेही ‘अलबेला’तल्या गाण्यांमुळे.

दणदणाटाची अपेक्षा होती, ऐकू आली बासरी. उंच चढून पतंगासारखी गोता मारणारी. तिच्याखाली व्हायोलिनांची रांग, पियानो, आणि खरखर करत लय धरणारं काहीतरी. अशा मेळाला तिकडे ‘चारांगा’ म्हणतात, ती खरखर ‘ग्विरो’ नावाच्या खाचा पाडलेल्या भोपळ्याची, आणि बासरी रिचर्ड एग्वेस यांची, हे फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मला सम सापडत नाहीये.

चार-चार मात्रा मोजत होतो. एका गाण्यात पहिल्या मात्रेवर बोट टेकवावं, तर डबल बास गप्प. तो चौथ्या मात्रेवरच स्वर छेडून मोकळा झालेला, आणि तोच स्वर पहिल्या मात्रेवरून तरंगत पुढे निघालेला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

शेवटी कॅसेट सरांकडे नेली. ते डोळे मिटून ऐकत बसले. समेसाठी हात उचलला, तो हवेतच राहिला. गाणं संपल्यावर म्हणाले, “अरे, हे अनागत आहे. सम यायच्या आधीच येऊन बसतात. आपण एखाद्या तिहाईत गंमत म्हणून करतो, ही माणसं त्यात संसार करतात.”

त्या संसाराची वंशावळ मी पुढे जमेल तशी गोळा करत गेलो. ती हवानातल्या लोपेझ बंधूंपाशी पोचली. धाकटा इस्राएल, ज्याला सगळे काचाओ म्हणत, पोरवयातच फिलहार्मोनिकमध्ये डबल बास वाजवू लागला. हात पोचावा म्हणून त्याला खोक्यावर उभं करत, असं सांगतात. पुढे थोरल्या ओरेस्तेसबरोबर तो आर्कान्यो यांच्या नाचाच्या मेळात आला. तिथे वाजायचा दान्सोन. मिगेल फाइल्दे यांनी १ जानेवारी १८७९ ला मातान्सासमध्ये रूढ केलेला, शिस्तीचा नाच. त्याचा मुखडा वाजत असताना जोड्या नाचत नाहीत, पंख्याने वारा घेत गप्पा मारतात. १९३८ मध्ये ओरेस्तेसने ‘माम्बो’ नावाचा दान्सोन लिहिला, आणि या भावांनी दान्सोनचा शेवट एका छोट्या तुकड्यावर घोळवत लय सैल सोडली. १९५७ मध्ये तर काचाओने रात्रीची कामं आटोपून आलेल्या वादकांना पहाटे स्टुडिओत गोळा केलं आणि ‘देस्कार्गा’ ध्वनिमुद्रित केल्या. म्हणजे आपल्या भाषेत, मनसोक्त बैठक.

आर्कान्यो यांच्याच मेळात वाजवलेले व्हायोलिनवादक एन्रिके होर्रिन यांची नजर मात्र नाचणाऱ्यांच्या पायांवर होती. मात्रेला बगल देणाऱ्या लयीत पुष्कळांची पावलं अडखळत होती. होर्रिन यांनी चाली सोप्या केल्या, वजन सरळ मात्रांवर आणलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं ‘ला एन्गान्यादोरा’ गाजलं. जमिनीवर घासणाऱ्या बुटांचा जो आवाज त्यांनी ऐकला, तेच नाचाचं नाव झालं. चा-चा-चा.

हे वाचलेलं बरीच वर्षं नुसतं डोक्यात पडून होतं. आता सर नाहीत, कॅसेटची फीत कधीच गुंतून तुटली, गाणी फोनवर आली. परवा जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटाच होतो. ओट्यावर फोन ठेवला, ते जुनं गाणं लावलं आणि शहाबादी फरशीवर चप्पल घासत पावलं टाकून पाहिली. दुसऱ्या मात्रेवर एक, तिसऱ्यावर एक, मग घाईघाईने चा-चा-चा. शेवटचा ‘चा’ कुठे पडतो ते मोजलं. पहिल्या मात्रेवर. बास जिथे गप्प होता, नेमका तिथे.

इतकी वर्षं मी त्या जागेवर कान लावून बसलो होतो आणि ती ठेवली होती पावलासाठी. सर, तुमचा हात हवेत राहिला ते बरोबरच होतं.

खात्री करायला पुन्हा एकदा आवर्तन घेतलं, जरा जोरात. आतून बायको म्हणाली, “अहो, भांडी सकाळी मावशी घासतील. झोपा आता.”