कंदील मिणमिणतोय

संहितेत एवढंच होतं: ‘माजघरात कंदील मिणमिणतोय.’ प्रकाशयोजनेतलं माझं ते दुसरंच नाटक. रंगीत तालमीला मी मोठ्या हौसेनं डिमरचा फेडर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी सरकती कळ, वरखाली, वरखाली करत बसलो. अंधारातून दिग्दर्शक ओरडले, “अरे, कंदील आहे तो! लग्नाचा मांडव घातलायस का?” मग जवळ येऊन हळू आवाजात जे बोलले ते जास्त लागलं. “मिणमिणणं म्हणजे हलणं नव्हे रे. तेल संपत आलंय, काच काजळलीय, तरी तो जळतोय. हात काढ.”

हात काढला. फेडर १५ टक्क्यांवर ठेवून दिला. हॅलोजन इतका खाली आणला की त्याची तार आपसूक तांबूस होते. तेवढ्यानं माजघर उभं राहिलं. तेव्हापासून क्रियापद नीट वाचल्याशिवाय मी दिव्याला हात लावत नाही.

मराठीतली ही क्रियापदं प्रकाशाचं नुसतं वर्णन करत नाहीत, कारणही सांगतात. मिणमिणण्यात तेलाची टंचाई आहे, लुकलुकण्यात अंतर. जवळचा दिवा कधी लुकलुकत नाही. लुकलुकतं ते पलीकडच्या डोंगरावरचं घर. तेवण्यात वारा पडलेला असतो. आणि फडफडण्यात तो सुटलेला असतो.

या फडफडण्यानं मला फार दिवस छळलं. शेकोटीचा प्रसंग होता. एक दिवा घेऊन तो कमीजास्त केला, त्यापुढे अंबर रंगाची पारदर्शक जेल लावली, तरी शेकोटी काही पेटेना. बिघडलेल्या वायरिंगसारखं दिसत होतं सगळं. मग शब्दाकडेच परत गेलो. फडफडतं काय? पंख, कापड, पान. म्हणजे उजेड कमीजास्त होण्याआधी ज्योत जागची हलते. ती हलली की मागच्या भिंतीवरची सावली हलते, आणि आपला डोळा ‘आग’ म्हणतो तो त्या सावलीवरून. एकाच दिव्याची सावली गडद-फिकी होते, पण सरकत नाही. मग तीन छोटे दिवे जमिनीलगत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवले, तिन्ही वेगळ्या फेडरवर, आणि मुद्दाम बेताल चालवले. नटाची सावली भिंतीवर डावीकडून उजवीकडे झुकायला लागली तेव्हा कुठे शेकोटी पेटली. त्या प्रयोगात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर आवरून घेतलेला मी प्रकाशाच्या टेबलावरून पाहिला. माझ्यामुळे की एसीमुळे, देव जाणे.

पुढे या शब्दांच्या घडणीतच मला क्यू-शीट, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा त्याची यादी, दिसायला लागली. शेवटी ‘क’ आला की एकच क्यू: वीज चमकली, पातं झळकलं. तीच अक्षरं दोनदा आली की लूप: चमचमणं, झळझळणं. आणि दुसऱ्या वेळी अक्षर बदललं की ताल गेला समजावं. एक पाय आखूड असलेलं स्टूल डुगडुगतं. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. होडी मात्र डगमगते, कारण पुढची लाट कुठून येईल ते तिला ठाऊक नसतं. तसंच चमचमतो तो जरीचा काठ, झगमगते ती दिवाळीतली गल्ली, जिथे प्रत्येक माळ आपल्या मर्जीनं लागते. हा नियम व्याकरणाचा नाही, माझ्या टेबलावरचा आहे, आणि फडफडणं तो साफ मोडतं. अक्षरं तीच, ताल अजिबात नाही. झेंडा तर ‘क’ असूनही दिवसभर फडकतो. (दोरीवरचं धोतर त्याच वाऱ्यात नुसतं फडफडतं. इथे भाषा थोडी जातपात पाळते.)

सगळ्यात अवघड वीज. ‘वीज लवते’ असं लेखकानं लिहिलं की नवे ऑपरेटर सरळ स्ट्रोब दाबतात. पण लवणं म्हणजे वाकणं. पापणी लवते, वेताची काठी लवते, माणूस लवून नमस्कार करतो. त्या विजेला आकार हवा, दिशा हवी. मी ती विंगेतून, तिरपी, खिडकीच्या गजांमधून टाकतो. एकदाच, आणि लगेच काळोख. गडगडाट मोजून थोडा मागून. आवाज उजेडाबरोबर आला तर वीज घराच्या कौलांवरच पडली असा अर्थ होतो.

आता एलईडी आले. झटक्यात लागतात, झटक्यात विझतात, त्यामुळे वीज सोपी झाली. मिणमिणणं मात्र अवघड झालं. स्वस्तातला एलईडी खाली आणला की तांबूस होत नाही, पांढराच राहून पायऱ्या उतरल्यासारखा कमी होतो. कंदिलासाठी म्हणून मी अजून दोन जुने हॅलोजन सांभाळून ठेवलेत.

परवा एका तरुण लेखकाची संहिता आली. त्यात ‘लाइट फ्लिकर होतो.’ मी फोन केला.

“कुठला लाइट?”

“चाळीतल्या जिन्यातली ट्यूब, दादा.”

“फडफडते? लुकलुकते? विझायला आलीय?”

बराच वेळ काही आवाज नाही.

“तसं नाही हो,” तो म्हणाला, “ती लागू की नको करतेय.”