काळं ऑइल, लाल दिवा

डिझेल गाडीत नवं ऑइल टाकलं तरी थोड्याच दिवसांत ते काळंकुट्ट होतं. डिझेल जळताना काजळी होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते. ऑइलमधली रसायनं ती बारीक कणांतच धरून ठेवतात, थर बसू देत नाहीत. ऑइल आपलं काम करतं, म्हणून काळं होतं. एवढं मला आधी कळलं असतं तर माझं इंजिन वाचलं असतं.

करडी गावात मी जुनी डिझेल गाडी घेतली. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याची नोंद नव्हती आणि मीही विचारलं नाही. रोवणीच्या दिवसांत घर ते धानाची बांधी, बांधी ते पालोरा गाव असे आखूड फेरे. असं चालवलं की इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडत नाही आणि ऑइलचा गाळ होत जातो. पट्टीवरचं काळं ऑइल पाहून मी ठरवलं, इंजिन आतून धुऊनच काढू. भंडाऱ्याहून इंजिन फ्लशचा डबा आणला.

गावातला मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, जुनं इंजिन हाये. आत बसलं ते बसू द्या. ऑइल लवकर लवकर बदला, हळूहळू निंगून जाते." मी ऐकलं नाही.

फ्लश म्हणजे रॉकेलच्या जातीचं पातळ द्रावण, त्यात घाण सोडवणारी रसायनं. जुन्या ऑइलमध्ये ओतायचं, गाडी जागेवरच सुरू ठेवायची, मग सगळं खाली काढायचं. डब्यावर दहा मिनिटं लिहिली होती. जास्त वेळ म्हणजे जास्त सफाई, या समजुतीने मी कितीतरी जास्त वेळ इंजिन चालू ठेवलं. नवं ऑइल भरलं, फिल्टर मात्र जुनाच राहू दिला.

पुढे कोक्याच्या जंगलातून भंडाऱ्याला जाताना वळणावर गाडी हळू केली, तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा. वायर सैल असेल म्हणून मी तसाच पुढे गेलो. सर्वांत मोठी चूक हीच. भंडारा येईस्तोवर इंजिन खालून ठोकायला लागलं होतं.

गॅरेजमध्ये इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो, ती जाळी मी हातात घेतली. भाताच्या पातेल्याच्या बुडाला करपते तशी खरपुडी तिच्यावर गच्च बसली होती. नखाने खरवडली की काळे पापुद्रे निघत. वर्षानुवर्षं कोपऱ्यात चिकटून बसलेला थर फ्लशने सोडवला. पण तो विरघळला नाही, तुकड्यांनी सुटला आणि जाळीवर येऊन अडकला. फिल्टर पंपाच्या पुढे असतो, जाळी मागे. त्यामुळे नवा फिल्टर टाकला असता तरी ती तुंबलीच असती. बेअरिंगचा वरचा थर उडून तांबं दिसत होतं. क्रँक ग्राइंडिंगला गेला, इंजिन बांधावं लागलं. उन्हाळी धानाचे चुकारे त्यात संपले.

आता माझं मत पक्कं आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लशला काढण्याजोगं काही नसतं. वर, कितीही निथळू दिलं तरी थोडं द्रावण आत राहतं आणि नवं ऑइल तेवढं पातळ होतं. दुर्लक्ष झालेल्या इंजिनात गाळ भरपूर असतो, आणि धोका तिथेच असतो. तिथे टॅपेट कव्हर उघडून आत बघावं. थर जाड असेल तर चेंबर उतरवून जाळी हाताने धुवावी आणि पुढची ऑइलं ठरलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच बदलावीत. खर्च आणि खटपट होते, पण सुटलेली घाण कुठे गेली ते डोळ्यांना दिसतं.

मेहुण्याने त्याच्या पेट्रोल गाडीसाठी फ्लशचं विचारलं, तेव्हा आम्ही आधी कव्हर उघडलं. धातूवर नुसता पिवळसर तवंग होता. डब्याचे पैसे वाचले. त्यात चांगला फिल्टर आला आणि ड्रेन नटाचा नवा वायसरही.