परतीचं भाडं

‘द जनरल’ची गोष्ट दोन वाक्यांत संपते. एक आगगाडी उत्तरेला जाते. तीच आगगाडी त्याच रुळांवरून परत येते. बस्टर कीटन आणि क्लाइड ब्रुकमन यांनी 1926 साली केलेला हा मूकपट आज जगातल्या उत्तम विनोदी चित्रपटांमध्ये गणला जातो. आला तेव्हा मात्र पडला होता. तेव्हाच्या बऱ्याच समीक्षकांना हा नुसता लांबत गेलेला पाठलाग वाटला. त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही, पाठलागच आहे तो. फक्त दोन आहेत, आणि दुसरा पहिल्याच्या उलट दिशेने आहे, एवढं त्यांनी मनावर घेतलं नाही.

फौजी विनोदपटांचं एक जुनं दुखणं आहे. पहिला अर्धा भाग मजेत जातो: एक अजागळ माणूस सैन्यात भरती होतो, डावा-उजवा पाय चुकवतो, सार्जंटच्या शिव्या खातो. मग कवायत संपते आणि पटकथा लिहिणाऱ्याला प्रश्न पडतो, की आता या बावळटाचं करायचं काय? म्हणून त्याला कुठल्या तरी लढाईत ढकलतात, तिथे तो चुकून पराक्रम करतो. बिल मरेचा ‘स्ट्राइप्स’ (1981) घ्या. दीक्षान्त संचलनापर्यंत तो झकास आहे. त्यानंतर ही मंडळी एका चिलखती गाडीतून थेट चेकोस्लोव्हाकियात घुसतात आणि आपण दुसऱ्याच चित्रपटात जाऊन बसतो. दोन डबे आहेत, मधलं कपलिंग सुटलेलं. चॅप्लिनलाही ‘शोल्डर आर्म्स’मध्ये (1918) हाच खड्डा लागला होता. त्याने तो स्वप्नाने बुजवला: कवायतीने दमलेला शिपाई तंबूत झोपतो, कैसरला पकडून आणतो आणि जागा होतो. चॅप्लिन असल्यामुळे ते खपून जातं.

कीटनने वेगळंच केलं. त्याने नायकाला भरतीच होऊ दिलं नाही.

जॉनी ग्रे हा जॉर्जियातला इंजिनियर. अमेरिकेत आगगाडीचं इंजिन चालवणाऱ्यालाही इंजिनियर म्हणतात. यादवी युद्धाला तोंड फुटतं. ॲनाबेलचे वडील आणि भाऊ नाव नोंदवायला निघतात आणि जॉनी आडवाटेने धावत जाऊन त्यांच्याही आधी रांगेत उभा राहतो. त्याला नकार मिळतो. कारण असं, की हा माणूस सैनिकापेक्षा इंजिनचालक म्हणून जास्त उपयोगाचा आहे. पण हे कारण त्याला कुणी सांगत नाही. ॲनाबेलच्या घरच्यांना वाटतं की हा रांगेत उभाच राहिला नाही. ती सांगते, अंगावर गणवेश चढेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. सगळा चित्रपट या एका न बोललेल्या वाक्यावर चालतो. आपल्या विनोदी नाटक-सिनेमांत सहसा एक थाप मारली जाते आणि ती निस्तरता निस्तरता तीन अंक होतात. इथे थाप कुणीच मारत नाही. एका कारकुनाने तोंड उघडलं असतं तर चित्रपट दहा मिनिटांत संपला असता.

खऱ्या इतिहासात परतीचा प्रवास नाही, हे मला बरंच नंतर कळलं. 12 एप्रिल 1862 रोजी जेम्स अँड्र्यूज आणि त्याच्यासोबतच्या उत्तरेकडच्या सैनिकांनी बिग शँटी इथे, प्रवासी न्याहारीला उतरलेले असताना, ‘जनरल’ हे इंजिन पळवलं. वाटेतले रूळ उखडायचे, तारा तोडायच्या, पूल जाळायचे असा बेत होता. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर आधी पायी, मग ढकलगाडीवर, मग मिळेल त्या इंजिनावर त्यांच्या मागे लागला. शेवटचं इंजिन ‘टेक्सस’ तर त्याने उलटं पळवलं. रिंगगोल्डच्या पुढे ‘जनरल’ची वाफ संपली, स्वार उड्या मारून रानात पळाले आणि काही दिवसांत पकडले गेले. अँड्र्यूजसह आठ जण फासावर गेले. संपली गोष्ट. पकडलेल्यांपैकी विल्यम पिटिंजरने पुढे या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, तेच कीटनच्या हाती आलं. म्हणजे इतिहासाने त्याला एकतर्फी तिकीट दिलं होतं. अर्धा चित्रपट त्याने पदरचा घातला.

याला पटकथेच्या शास्त्रात काहीतरी नाव असेलच. मला त्याचं नाव बाभुळगावात मिळालं, माझ्या चुलतभावाकडून.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी इंजिनियरिंगला गेलो तेव्हा तो भरतीची तयारी करत होता. आमच्याकडे पहाटे साडेचार-पाचला धामणगाव रोडवर गेलात तर अंधारात पोरांच्या बुटांचे आवाज येतात. सोळाशे मीटर, कुणाच्या तरी मोबाइलवर लावलेली वेळ, आणि धावून झाल्यावर ओणवं होऊन धापा टाकणं. दादा धावण्यात कधीच कमी पडला नाही. त्याची छाती पाच सेंटीमीटर फुगायला हवी होती, ती कधी साडेतीन फुगायची, कधी चार. घरी मोठी आई त्याला शिवणाची टेप लावून मोजायची आणि टेप थोडी सैल धरायची. पुढे कोरोनात भरती थांबली आणि ती पुन्हा सुरू होईस्तोवर त्याचं वय निघून गेलं होतं. मग त्याने कर्ज काढून पिकअप घेतली. आता कापूस, सोयाबीन, सिमेंट, लग्नाचा मांडव, रात्री-बेरात्री यवतमाळला न्यायचे पेशंट, सगळं त्याच्याच गाडीत जातं. गावात त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. मुलगी मात्र मिळत नाही. पोरीचे वडील घर बघतात, विहीर बघतात, चहा घेतात आणि विचारतात, “पन नोकरी?”

गेल्या दिवाळीत मी त्याला ‘द जनरल’ दाखवला. घरात कापसाची गंजी होती, तिला टेकून आम्ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. जॉनीचा व्यवसाय कळल्यावर तो म्हणाला, “तुह्यासारखाच इंजिनियर हाये म्हन हा,” आणि मग दिसलं की तो आपल्यासारखाच आहे. त्यानंतर तो ड्रायव्हरच्या नजरेने बघत राहिला. लाकडं किती उरली, उतारावर वेग कसा धरतो, सांधा कुणी बदलला. जॉनी शत्रूच्या मुलखात पोचून ॲनाबेलला सोडवतो, तिला पोत्यात घालून स्वतःच्याच गाडीत चढवतो आणि ‘जनरल’ दक्षिणेकडे पळवतो, तेव्हा दादा एकदम खूश झाला. “पोट्टं जातानी रिकामं गेलं बे, अन् येतानी परतीचं भाडं घेऊन आलं!”

माल नेणाऱ्या प्रत्येकाचं पोट या दोन शब्दांवर आहे. बाभुळगावहून धामणगावला कापूस नेला तर डिझेल जाण्याचंही लागतं आणि येण्याचंही. येताना गाडी रिकामी आली तर जाण्यात कमावलेलं परतीत जातं. परतीचं भाडं मिळालं, खताच्या चार गोण्या का असेनात, की खरा नफा. कीटनने नेमकं हेच केलं. पहिल्या प्रवासात त्याने डिझेल जाळून ठेवलं, म्हणजे पात्रं, जागा, वस्तू, युक्त्या सगळं आपल्या ओळखीचं करून ठेवलं. दुसऱ्या प्रवासात तीच वाट, आणि खर्च आधीच निघालेला.

जाताना तो एकटा पाठलाग करतो, पण पुढच्यांना वाटतं मागे मोठी फौज आहे, म्हणून ते पळत सुटतात. येताना मागे खरंच फौज आहे आणि पळणारी माणसं दोन. जाताना चोर तारा तोडतात, रुळांवर ओंडके टाकतात, डबा सोडून देतात. येताना ही सगळी पापं जॉनी स्वतः करतो आणि ती आपल्याला पुण्याची वाटतात. जाताना तो इंजिनाच्या नाकावर बसून एक ओंडका उचलतो आणि तोच समोरच्या आडव्या ओंडक्याच्या टोकावर असा मारतो, की दोन्ही बाजूला उडतात. येताना ओंडके त्याच्या हातात असतात. जाताना ज्या लांब लाकडांशी तो एकटाच झटत होता, ती येताना त्याची प्रेयसी फेकून देते, कारण एका फळीला भोक आहे आणि ते तिला आवडत नाही! मग ती काडीएवढी लाकडं भट्टीत टाकते. जॉनी चिडून तिला त्याहून बारीक ढलपी देतो, ती तीही इमाने भट्टीत टाकते. तो तिचा गळा धरतो, गदागदा हलवतो आणि लगेच मुका घेतो. या जागी दादा इतका हसला की मोठी आई बघायला आली.

शाळेत ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण उलटसुलट वाचून दाखवत असू. ‘द जनरल’ तसा बिनचूक उलटा वाचता येत नाही, आणि ते बरंच आहे. बिनचूक उलटं फक्त यंत्र जातं. आमच्या कामात ‘अनडू’ केलं की बदल असा पुसला जातो, जणू झालाच नव्हता. कीटनच्या परतीत काहीच पुसलं जात नाही. त्याचा सगळ्यात मोठा विनोद तर परतीतच आहे आणि जाताना त्याला जोड नाही: जॉनीने पेटवलेल्या पुलावरून इंजिन सहज जाईल असं उत्तरेचा सेनापती ठरवतो आणि ‘टेक्सस’ पुलासकट नदीत कोसळतं. ते खरं इंजिन होतं, खरा पूल होता. ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ रो नदीवर हे चित्रित झालं आणि इंजिनाचा सांगाडा पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून होता. गंमत म्हणजे त्यानंतर कॅमेरा सेनापतीचा चेहरा दाखवतो, फक्त काही क्षण. तो माणूस काही करत नाही. मला पुलापेक्षा त्या चेहऱ्याचं जास्त हसू येतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. जॉनी ज्या बाजूने लढतो ती गुलामगिरी टिकवायला लढणारी बाजू. पिटिंजर उत्तरेचा, त्याचं पुस्तक उत्तरेच्या बाजूचं. कीटनने गोष्ट उलटवली. त्याचं म्हणणं असं होतं की प्रेक्षक दक्षिणेला खलनायक म्हणून स्वीकारणार नाहीत. रचनेलाही ते सोयीचं होतं, कारण इंजिन ज्याचं चोरीला जातं तोच मागे धावणार आणि तोच परत आणणार. पण चित्रपटभर कापूस पिकवणारी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. आणि कापूस म्हटला की आम्ही वऱ्हाडातले लोक गप्प बसू शकत नाही. त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या ओस पडल्या आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. युद्ध 1865 ला संपलं, भाव कोसळले. रूळ मात्र पुढे सरकत राहिले आणि 1867 मध्ये नागपूरला पोचले. धामणगावचं स्टेशन त्याच वाटेवर. पुढे त्याच कापसासाठी यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतला धावू लागली, नॅरोगेज, एकच रूळवाट. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं, ते 1994 पर्यंत ओढत होतं. गेट आलं की गाडीतलाच कर्मचारी उतरून ते लावायचा आणि गाडी गेली की पुन्हा चढायचा. हे कीटनने पाहिलं असतं तर एक रीळ नक्की काढलं असतं. तिला जाताना कापूस असे. येताना काय असे, असं दादाने विचारलं. मी म्हटलं, माणसं.

शेवटी जॉनीला गणवेश मिळतो, थेट लेफ्टनंटचा. ॲनाबेलसोबत तो इंजिनाच्या त्याच दांड्यावर बसतो, जिथे सुरुवातीला तोंड पाडून बसला होता. मुका घ्यायला वळतो तर एक सैनिक सलाम ठोकून जातो, मग दुसरा, मग अख्खी पलटण. ज्या वर्दीसाठी एवढं केलं तीच मध्ये येते. तो जागा बदलून बसतो, उजवा हात मोकळा करतो आणि न बघता सलाम करत मुके घेत राहतो.

पण दादा याच्या जरा आधी अडकला होता. लेफ्टनंट म्हणून नाव नोंदवताना जॉनीला व्यवसाय विचारतात आणि तो छाती काढून सांगतो, सैनिक.

“अबे, हा त ड्रायव्हर होता ना,” दादा म्हणाला. “मंग तसं काहून नाई सांगत?”

मी म्हटलं, आता तो सैन्यात आहे.

“गाडी कोनं आनली परत?”

त्याच आठवड्यात मोठी आईने मला त्याचा बायोडेटा टाइप करायला लावला. रास, नाड, गोत्र, उंची, शेती किती एकर. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी ती म्हणाली, ‘ट्रान्सपोर्ट बिझनेस’ लिही. दादा अंगणात गाडीला ताडपत्री बांधत होता, तिथूनच ओरडला, “ड्रायव्हर लिव.” मी दोन प्रती केल्या. दोन्ही अजून माझ्या लॅपटॉपवर आहेत. कुठली पाठवायची, हे दोघांचं ठरायचंय.